तांब्यावरचं नाव

कलकत्त्याच्या न्यू टाउनमध्ये, मुलाच्या घरी दहाव्या मजल्यावर, वैशाख आलाय हे मला एसीच्या घरघरीवरून कळतं. काचा बंद, पडदे ओढलेले. तरी एक दिवस असा येतोच की दुपारी चारच्या सुमाराला वायव्येकडून आभाळ काळं होत येतं, समोरच्या कचेऱ्यांच्या काचांवर धूळ आदळायला लागते आणि मला उडदाच्या पापडांचा वास येतो. या घरात आजवर कुणी पापड लाटलेला नाही. तरी वास येतो. सून म्हणते, "आई, खिडकीतून मागे या, वारं सुटलंय." मी मागे येते. ही कालबैशाखी. बंगाली माणूस तिच्यावर खूश असतो, कारण ती आली की उकाडा घटकाभर निवतो. मला तिचा राग येतो. खरं तर राग माझा मलाच आहे, पण वादळावर काढायला सोपा जातो.

आमचं घर तेव्हा भवानीपूरला होतं. दुसरा मजला आणि वर गच्ची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केंद्र सरकारच्या एका कचेरीत बदली झाली आणि आम्ही नाशकाहून उचलून कलकत्त्यात टाकले गेलो. फाळणीनंतरची ती वर्षं होती. शहर माणसांनी फुगलेलं होतं आणि घरात आम्ही चौघंच: अण्णा, आई, मी आणि आत्याआजी. आत्याआजी म्हणजे अण्णांची आत्या, माझ्या आजोबांची थोरली बहीण. पंचाहत्तरीची, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, आधी भावाच्या आणि मग भाच्याच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली. तोंडाने तिखट. कलकत्त्यातली एकच गोष्ट तिला पसंत होती, ती म्हणजे ऊन. "बाकी काही नसो, पण पापड दोन दिवसांत खडखडीत वाळतात गं इथे," असं ती म्हणायची. वैशाख लागला की गच्चीवर जुनी लुगडी अंथरली जायची. त्यावर कुरडया, सांडगे, पापड. कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवलेली. खालच्या मजल्यावरची बंगाली बाई जिन्यात थांबून विचारायची, हे एवढं सगळं कुणासाठी? आत्याआजी मला म्हणायची, "सांग तिला, येणाऱ्या पावसासाठी." मी बंगालीत सांगायचे. माझं बंगाली तोवर मराठीपेक्षा बरं झालं होतं आणि अण्णांना तीच काळजी होती.

बाहेरच्या खोलीत एक फोटो होता. पगडी, उपरणं, हातात मिटलेलं पुस्तक आणि डोळे असे, की खोटं बोलायचं असेल तर माणसाने दुसऱ्या खोलीत जावं. हे भाऊसाहेब, माझे पणजोबा आणि आत्याआजीचे वडील. खानदेशातल्या तालुक्याच्या गावी त्यांनी वकिली मांडली तेव्हा तिथलं कोर्ट म्हणजे एक कौलारू पडवी होती आणि अशील बैलगाडीतून येत. भाऊसाहेब आवाज न चढवता प्रश्न विचारत. साक्षीदाराला घाम फुटे, मामलेदाराची पाचावर धारण बसे. मग ते म्युनिसिपालिटीत निवडून आले, तिचे अध्यक्ष झाले आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत मुंबईला गव्हर्नरच्या कौन्सिलात जाऊन बसले. पाणीपट्टीवर बोलले, जंगलखात्यावर बोलले. मुलींच्या शाळेवर तर असं बोलले, की म्हणे इंग्रज सभासदांनीही मान डोलावली. हे सगळं मला पाठ होतं. आमच्या घरात पाढे नंतर आणि भाऊसाहेब आधी शिकवत.

त्यांनी घरात एक चाल पाडून ठेवली होती. दर रविवारी दुपारी कोर्ट भरायचं. आठवड्यातल्या घरातल्या तक्रारी तिथे चालायच्या. साक्षीदाराने पाटावर बसायचं, निकाल लागेपर्यंत उठायचं नाही आणि विचारलेल्याला फक्त होय किंवा नाही म्हणायचं. वकिलासाठीही एक नियम होता आणि तो अण्णा मला गुरुमंत्रासारखा सांगत: ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही, तो प्रश्न कधी विचारायचा नाही. आजोबांनी ही चाल चालवली, अण्णांनीही चालवली. हातात लाकडी पट्टी घेऊन ते न्यायाधीश व्हायचे. मला भाऊ नव्हता, म्हणून वकील मी. दुधावरची साय कुणी खाल्ली, काचेची बरणी कुणी फोडली, असले खटले असायचे. बँकेतले साठेकाका रविवारी मुद्दाम हे बघायला यायचे आणि "पोरगी बॅरिस्टर होणार" असं म्हणून भज्यांवर ताव मारायचे. मी पार शेफारून गेले होते. समोरचा माणूस अडखळला की पोटात काहीतरी गोड हलायचं. ते काय होतं याला मी पुढे पुष्कळ सभ्य नावं दिली. तेव्हा ती निव्वळ मजा होती.

त्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांची होते आणि अण्णा भाऊसाहेबांचं चरित्र लिहीत होते. जन्मशताब्दी आली होती. गावच्या म्युनिसिपालिटीने त्यांचं तैलचित्र लावायचं ठरवलं होतं आणि त्याच दिवशी ग्रंथ निघायचा होता. गावाहून कागदांची दोन बाडं आली होती. भाऊसाहेबांची वकिली सवय अशी, की पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायची, आणि तीही बाळबोध अक्षरात. मोडीत फसवाफसवी सोपी जाते असं त्यांचं म्हणणं होतं. अण्णा एकेक कागद वाचत आणि वाचून झाला की कोपऱ्यात लाल पेन्सिलीने खूण करत. लिहून झालेली प्रकरणं सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम माझं. त्याने माझं मराठी सुधारेल असा त्यांचा होरा होता.

एका संध्याकाळी ते ‘आदर्श गृहस्थ’ हे प्रकरण मोठ्याने वाचत होते. भाऊसाहेबांचा विवाह विसाव्या वर्षी जानकीबाईंशी झाला, या माउलीने अखेरपर्यंत त्यांचा संसार सांभाळला, ते एकपत्नीव्रती होते, वगैरे. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"कुठल्या जानकीबाईनं?" आत्याआजीने विचारलं.

अण्णा हसले. "आत्या, किती होत्या?"

"दोन." ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "माझी आई पहिली. तुझी आजी दुसरी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. सव्वा महिन्यात दुसरी आणली. घरातली भांडी पहिलीच्या नावाने कोरलेली. परत कोण कोरत बसणार, म्हणाले. ताटातल्या तांदळात दुसरीचंही नाव जानकीच लिहिलं."

लग्नात नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून त्यावर बायकोचं नवं नाव बोटाने लिहायचं, हे मला माहीत होतं. ते नाव आधीचंच पुन्हा लिहिता येतं हे मला नव्यानेच कळलं. आत्याआजी आत गेली आणि तिचा तांब्या घेऊन आली. पितळी, बुडाशी पोचा आलेला, काठाखाली अक्षरं: सौ. जानकीबाई. घरातली बाकी भांडी कधीच मोडीत गेली होती. हा एक तिने सगळ्या बदल्यांमधून जपून आणला होता. त्यातूनच पाणी प्यायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

"मला दुसरं काही नको," ती अण्णांना म्हणाली. "एक ओळ घाल. पहिली होती, एवढंच लिही."

अण्णांनी लाल पेन्सिल कानामागे ठेवली. त्यांच्या कचेरीतल्या टेबलापाशी रोज सीमेपलीकडून आलेली माणसं उभी राहायची, आमचं घर होतं, आमची बाग होती, असं सांगायची आणि अण्णा त्यांना जे विचारायचे तेच त्यांनी आत्याला विचारलं.

"पुरावा काय?"

"मी."

"रविवारी बघू," अण्णा म्हणाले.

तो रविवार मला तासातासाने आठवतो. सकाळी गच्चीवर दोनशे पापड घातलेले. दुपारी साठेकाका आले. आई भजी तळत होती. आत्याआजी पाटावर बसली, मांडीत तांब्या. मी अण्णांचं उपरणं खांद्यावर टाकलं. आधी सगळे हसत होते, आत्याआजीसुद्धा. तिला वाटलं असावं, पोरीचा खेळ आहे, खेळून झाला की ओळ घालतील.

"आई गेली तेव्हा तुमचं वय सहा. होय की नाही?"

"होय."

"तिचा चेहरा आठवतो? होय की नाही?"

"ती डावखुरी होती. वेणी घालताना—"

"होय की नाही?"

"चेहरा... नाही."

"तुम्हाला ज्यांनी वाढवलं, त्यांचं नाव जानकीबाई. तुम्ही त्यांना आई म्हणत होतात. होय की नाही?"

"होय. पण ती—"

अण्णांनी पट्टी आपटली. मी पुढे विचारलं, "तांब्यावरचं नाव जानकीबाई. हा तांब्या त्यांचाच नाही, असं तुम्ही दाखवू शकता?"

"नाही."

उजेड गेला. खिडकीचं दार धाडकन भिंतीवर आदळलं. आत्याआजीने मान वळवून आभाळाकडे पाहिलं आणि ती उठायला लागली. "अगं, पापड. आलं बघ. आधी ते गोळा करू दे."

"साक्षीदाराने उठायचं नाही," मी म्हटलं.

तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पट्टी दुसऱ्या हातात घेतली. साठेकाकांनी भज्यांच्या ताटलीत बघितलं. आईने कढई उतरवली आणि ती एकटीच जिना चढून वर धावली. पावसाचे मोठे मोठे थेंब गच्चीवर आपटल्याचा आवाज आम्हाला खाली येत होता. मला तो चांगला ऐकू आला होता, हे लिहून ठेवते.

"शेवटचा प्रश्न," मी म्हटलं. "जानकी हे सासरचं नाव. तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?"

तिचा अंगठा तांब्यावरच्या अक्षरांवरून फिरत होता. वर वारं पत्रे हलवत होतं. मी थांबले. थांबायचं किती, हेही मला शिकवलेलं होतं.

"माहीत आहे? होय की नाही?"

"नाही," ती म्हणाली.

अण्णांनी पट्टी आपटली. साक्षीदाराला स्वतःच्या आईचं नाव सांगता येत नाही, सबब पुरावा नाही. मग माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "भाऊसाहेबांची पणती शोभतेस." मी हवेतच होते. आत्याआजी भिंतीला धरून उठली आणि वर गेली. गच्चीवर लुगड्याला चिकटलेला लगदा ती आणि आई हातांनी खरवडत होत्या. आई चिंब झाली होती. मला बघून ती एवढंच म्हणाली, "तुझ्या पोटी असलं काही न येवो." सख्ख्या आईने असं बोलावं याचा मला संताप आला आणि मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

आठवड्याभराने उडदाची डाळ आणायला मी आत्याआजीला घेऊन सियालदहच्या घाऊक बाजारात गेले. स्टेशनाच्या बाहेर नेहमीसारखी चटयांवर निर्वासित माणसं पसरलेली, आणि टेबल मांडून बसलेला एक कारकून नावं लिहून घेत होता. त्याच्यापुढे आत्याआजीच्याच वयाची एक बाई पितळी घडा मांडीत घेऊन बसली होती.

"नाम की?" त्याने विचारलं.

"आमी निमाइयेर मा."

"तोमार निजेर नाम?"

बाईने पदर तोंडावर ओढला आणि नवीन सुनेसारखी लाजली. कारकुनाने कपाळाला हात लावला. आत्याआजीने मला विचारलं काय म्हणतेय ती. मी सांगितलं: निमाईची आई म्हणतेय, स्वतःचं नाव सांगत नाही.

आत्याआजी तिच्याकडे बघत उभी राहिली. "सांग म्हणावं तिला," ती म्हणाली. "कुणीतरी विसरायच्या आत सांग म्हणावं."

मी त्या बाईला काही सांगितलं नाही. ट्राम चुकेल म्हणून आत्याआजीचा दंड धरून पुढे नेलं.

मग एका सकाळी गल्लीत कल्हईवाला ओरडत आला. आत्याआजी कधी नव्हे ती एकटी खाली उतरली. मी गॅलरीतून पाहिलं. तिने तांब्या त्याच्यापुढे धरला आणि अक्षरांवर बोट ठेवून आपल्या हिंदीत म्हणाली, "ये नाम निकालो. पूरा." त्याने दोनदा विचारलं. मग कानस लावली. अण्णा कचेरीला निघाले होते. त्यांनी जिन्यातून हे पाहिलं आणि ते भडकले. "आत्या, अगं घराण्याची वस्तू! भाऊसाहेबांच्या घरातलं शेवटचं भांडं!"

"ते नाव दोघींचं होतं," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या आईचं म्हणून सांगता आलं नाही. आता यावर कुणाचंच नाही. आता हा तिचाच."

कानशीने घासलेली ती जागा पिवळीधमक दिसायची, बाकी तांब्या काळपटला तरी.

दुर्गापूजेच्या दिवसांत ग्रंथ छापून आला. गल्लीत ढाक वाजत होते, सगळीकडे धुपाचा धूर होता आणि अण्णांनी पुडक्याची सुतळी दाताने तोडली. मी आधी शेवटचं पान उघडलं. तिथे वंशावळ होती आणि ती मीच माझ्या हाताने उतरवून दिली होती. पण छापताना काय ठेवायचं ते अण्णांनी ठरवलं होतं. आत्याआजी माझ्या मागे येऊन उभी राहिली. "माझं काय लिहिलंय?"

मी बोट ठेवलं. भाऊसाहेब, सौ. जानकीबाई, त्यांच्याखाली माझ्या आजोबांचं नाव आणि शेजारी: कन्या एक.

"आणि तुझं?"

अण्णांच्या नावाखाली एक बारीक रेघ होती. रेघेच्या टोकाला: कन्या एक.

आत्याआजी हसायला लागली. एवढी हसली, की तिला खाली बसावं लागलं. डोळे पुसत ती म्हणाली, "जिंकलीस गं बाई, जिंकलीस." एवढं झोंबणारं मला त्यानंतर कुणी कधी काही बोललं नाही.

त्याच पौषात ती गेली. शेवटचे पंधरा दिवस शुद्ध-बेशुद्ध चाललं होतं आणि ती आई, आई म्हणून कण्हायची. मी उशाशी बसून त्याच तांब्यातलं पाणी चमच्याने तिला पाजायचे. मी सेवा केली असं सगळे म्हणाले. तांब्या माझ्याकडे आला, कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता.

आता जे राहिलंय ते सांगते. त्या रविवारच्या चार दिवस आधी मी चरित्रासाठी एक तारीख शोधत भाऊसाहेबांच्या पत्रांचं बाड उपसत होते. त्यात एका पत्राची नक्कल होती, सासऱ्यांना लिहिलेली. दोनच ओळी. आपली कन्या यमुना हीस काल देवाज्ञा झाली, मुलगी येथे खुशाल आहे, भांडी येथेच ठेवून घेत आहे. कागदाच्या कोपऱ्यात अण्णांची लाल खूण होती.

मी कागद जिथला तिथे ठेवला. अण्णांनी वाचलंय आणि ते बोलले नाहीत, म्हणजे बोलायचं नसणार, इतपत मला कळत होतं. आत्याआजीला माहेरच्या नावाचं विचारलं की ती अडकेल, हेही कळलं. उत्तर ठाऊक असल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. मी नियम मोडला नाही. त्या खोलीत दोघांना ते नाव ठाऊक होतं आणि जिला ते हवं होतं ती पाटावर बसून नाही म्हणाली. अण्णा आणि मी यावर जन्मात एक शब्द बोललो नाही. त्यांच्या मागे ते बाड मी पाहिलं. तो कागद त्यात नव्हता.

नंतर का नाही सांगितलंस, असं मी स्वतःला कैकदा विचारलं आहे. सियालदहला सांगता आलं असतं. ती कण्हत होती तेव्हा तर नुसतं कानात म्हणायचं होतं. पण तिने विचारलं असतं, तुला कसं माहीत? कधीपासून? ती भाऊसाहेबांची मुलगी होती. दोन प्रश्नांत तिने मला उघडी पाडली असती. मी घाबरले आणि माझ्या भीतीपायी ती बाई आईचं नाव न कळता मेली. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर माझं नवं नाव उमटलं तेव्हा मी सगळ्यांसारखी हसले. ज्या जानकीबाईचं रक्त माझ्यात आहे ती दुसरी. तिचं खरं नाव काय होतं ते तर कुठल्या नकलेतही सापडलं नाही.

काल पुन्हा कालबैशाखी आली. वीज गेली, एसी बंद पडला, फिल्टरचं यंत्र बंद पडलं. नातीला तहान लागली म्हणून मी तिला माझ्या तांब्यातलं पाणी दिलं. तिचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण चौकस फार. घासलेल्या जागेवर तिने बोट फिरवलं.

"आजी, हा कुणाचा आहे?"

"यमुनाबाईंचा," मी म्हटलं. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

"तुला कसं माहीत?" तिने विचारलं.